डेल्फची लेव्हल निवडताय? मग या चुका टाळा

"मुलीला तीन वर्षं फ्रेंच आहे, शाळेत कायम नव्वदच्या वर मार्क, मग डायरेक्ट बी-वन देऊन टाकू ना?" डेल्फ म्हणजे फ्रेंच भाषेची परीक्षा, सोप्याकडून अवघडाकडे तिच्या लेव्हल ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा. मी फ्रेंच शिकवते त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो आणि मी दरवेळी एकच सांगते, आधी तिला फोनवरचा एखादा फ्रेंच निरोप ऐकवा, तोही दोनदाच, आणि काय कळलं ते विचारा.

असंच एकीला बसवलं होतं. ग्रामर एकदम पक्कं, क्रियापदांचे तक्ते झोपेत विचारले तरी सांगेल. निरोपात फोन नंबर होता, फ्रेंचमध्ये तो दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, त्यात आलं "स्वासाँत-दीझ-वीत". म्हणजे 78. तिने लिहिलं 60 आणि पुढे 18. तिचं तरी काय चुकलं म्हणा, स्वासाँत म्हणजे साठ, दीझ-वीत म्हणजे अठरा, दोन्ही शब्द तिला येत होते, फक्त कानाला सवय नव्हती. नंबर लिहिण्यातच गुंतल्यामुळे मैत्रीण कुठे भेटणार आहे ते ऐकायचंच राहून गेलं. शाळेचे मार्क बघून लेव्हल ठरवणं ही पहिली चूक आहे ती यासाठी. शाळेचा पेपर पाठ केलेल्या धड्यावर असतो, डेल्फमध्ये सगळं नवीन.

दुसरी चूक वर्षं मोजायची. वर्षं नाही, तास मोजा. अंदाजे धरायचं तर ए-वनला 80 ते 100 तास, ए-टूला पहिल्यापासून धरून 180 ते 200, बी-वनला 350 ते 400 आणि बी-टूला 550च्या पुढे. आता शाळेत आठवड्याला दोन तास आणि वर्षात 35 आठवडे शिकवणं होत असेल तर वर्षाचे झाले 70 तास, तीन वर्षांचे 210. म्हणजे एकही तास वाया गेला नाही असं धरलं तरी गाडी ए-टूपर्यंतच येते, आणि एकही तास वाया जात नाही अशी शाळा मी तरी पाहिलेली नाही 😅

ए-टू ते बी-वन ही उडी लोकांना छोटी वाटते, माझ्या मते शाळेच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी तीच. ए-टूच्या रायटिंगमध्ये साठ-साठ शब्दांचे दोन छोटे मजकूर असतात, सुट्टीत काय केलं ते सांगा, आमंत्रणाला उत्तर द्या, असे. बी-वनला एकच पण 160 शब्दांचा, आणि त्यात स्वतःचं मत कारणांसकट मांडायचं. तोंडी परीक्षेतही एक छोटा मजकूर देतात, दहा मिनिटं तयारीला, मग त्यावर बोला. जे मूल अजून "मी गेलो" साठी "ज स्वी आले" ऐवजी "जे आले" म्हणतंय त्याला मत मांडायला बसवलं की ते मत सोडून क्रियापदच शोधत बसतं. तशीच बी-टू, तिथे 250 शब्द आणि बाजू लढवायची, फ्रेंच चांगलं असलं तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विषयावर म्हणायला काहीतरी असावं लागतं.

पासिंगचा हिशोब न बघणं ही पण एक मोठी गडबड. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 मार्क, एकूण 100 पैकी 50ला पास, पण प्रत्येक भागात किमान 5 लागतातच. समजा वाचन 20, लिहिणं 17, बोलणं 15 आणि ऐकण्यात 4, टोटल 56 झाली तरी नापास. आणि मग परत चारही भाग द्यायचे, चांगले मार्क पुढे धरत नाहीत. म्हणून लेव्हल ठरवताना मुलाचा सगळ्यात कच्चा भाग कुठे आहे ते बघा. बहुतेकांचा तो ऐकण्याचा नाहीतर बोलण्याचा असतो, कारण वर्गात हे दोन्ही सगळ्यात कमी होतं.

उलटी चूकही खूप जण करतात. ए-वन दिलीच पाहिजे, मगच ए-टू, असा काही नियम नाही. प्रत्येक लेव्हलचा डिप्लोमा स्वतंत्र आहे आणि त्याची मुदत संपत नाही, तयारी असेल तर थेट ए-टूला बसा. हां, लहान मूल असेल, पहिल्यांदाच अशा परीक्षेला बसणार असेल आणि घाबरत असेल तर आधी ए-वन द्यायला माझी काहीच हरकत नाही.

फॉर्म भरताना लेव्हलइतकाच प्रकारही बघा. साधारण सात ते बारा वयाच्या मुलांसाठी डेल्फ प्रिम आहे, ती ए-टूपर्यंतच. त्याच्या पुढच्या शाळकरी मुलांसाठी ज्युनिअर किंवा स्कोलेर, ए-वन ते बी-टू. तू-प्यूब्लिक मोठ्यांसाठी. ज्युनिअर आणि तू-प्यूब्लिकच्या डिप्लोमाला मान सारखाच, अवघडपणाही तोच, फरक विषयांचा. तेरा वर्षांच्या मुलाला ऑफिसमधल्या मीटिंगचा निरोप ऐकायला लागला तर भाषा येऊनही गोंधळ होतो, त्यामुळे "मोठ्यांची दिली तर जास्त भारी" या भानगडीत पडू नका.

मग ठरवायचं कसं? ही परीक्षा फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल ही संस्था चालवते, त्यांच्या साईटवर प्रत्येक लेव्हलचे नमुना पेपर ऑडिओसकट फुकट आहेत. घड्याळ लावून, डिक्शनरी न देता, एका बैठकीत सोडवायला लावा आणि मध्ये "अगं हे येतं की तुला" असं बोलू नका. लिहिण्याचे आणि बोलण्याचे मार्क शिकवणाऱ्यांकडून घ्या, घरी आपण जरा सढळ हातानेच देतो. टोटल 65च्या आसपास आणि कुठल्याच भागात 10च्या खाली नाही, तर मी ती लेव्हल भरायला सांगते. हा नियम माझा आहे, परीक्षेचा नाही, पण परीक्षेच्या दिवशी टेन्शनने थोडे मार्क जातातच.

आणि फॉर्म आधीच भरून बसला असाल आणि नमुना पेपरात 40च येत असतील तर नोंदणी बंद व्हायच्या आत सेंटरला फोन करून लेव्हल बदलता येते का विचारा. नाहीच बदलली तर उरलेल्या आठवड्यांत ग्रामरचं पुस्तक बाजूला ठेवा, रोज वीस मिनिटं ऐकणं आणि दहा मिनिटं मोठ्याने बोलणं एवढंच करा, 5च्या खाली जाण्याचा धोका तिथेच जास्त असतो. आकड्यांची सुरुवात सत्तरच्या पुढून करा.