टू-स्ट्रोक डर्ट बाईकची पॉवर वाढवताय? आधी या चुका टाळा

टू-स्ट्रोक डर्ट बाईक घेतली की थोड्याच दिवसात डोक्यात नवीन एक्झॉस्ट पाईप घुसतो. मग रीड ब्लॉक (इनटेकची पाकळ्यांची झडप), मग हेड कापून कॉम्प्रेशन वाढवायचं, मग बिग बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन). हे सगळं लावून झालं की गाडी एक दिवस उतारावर जाम होते आणि दोष जातो पाईपला नाहीतर ऑईलला. बऱ्याचदा पाईपने काहीच केलेलं नसतं, इंजिन आधीपासूनच कुठूनतरी हवा घेत असतं किंवा क्रँक आधीच सुटलेला असतो, नवीन पार्टने तो आजार फक्त लवकर बाहेर काढला. त्यामुळे पहिला पैसा सील, गास्केट आणि तपासणीवर घाला, पाईप कुठे पळून जात नाही. खालच्या चुका मला ज्या महागात पडणाऱ्या वाटतात त्या क्रमाने लिहिल्यात.

क्रँक सील न बघताच वरचं काम काढणं

ही सगळ्यात मोठी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता डबा नाही, तो पंप आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. म्हणजे क्रँककेसला बारीकशी गळती असली तरी जादा हवा आत शिरणार, मिश्रण लीन होणार म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि लीन म्हणजे गरम. शिवाय या इंजिनात पिस्टनला, रिंगला, बेअरिंगला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, दुहेरी मार.

सील दोन बाजूंना असतात आणि दोघांची लक्षणं वेगळी. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहते. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑईल आत ओढलं जातं, भरपूर धूर, प्लग सारखा खराब आणि गिअरबॉक्समधलं ऑईल बाहेर कुठे डाग नसताना कमी होत जातं. लोक इथे धूर बघून मिक्समधलं ऑईल कमी करतात, जे अगदी उलटं आहे.

खात्री करायची तर लीक-डाऊन टेस्ट करा. एक्झॉस्ट पोर्ट रबरी बुचाने बंद करायचं, इनटेकच्या बूटमध्ये किंवा प्लगच्या भोकात पंप आणि गेज जोडायचा, दुसरं तोंड बंद करायचं, पिस्टन पूर्ण खाली आणायचा म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना जोडले जातात, आणि साधारण ६ पीएसआय हवा भरायची. मग घड्याळ लावून बघत बसायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरतंय तर साबणाचं पाणी घेऊन शोधा, आधी तुमची स्वतःची बुचं, कारण निम्मे वेळा तीच गळत असतात, मग बेस गास्केट, इनटेक बूट, पॉवर व्हॉल्व्हचा (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठं करणाऱ्या झडपेचा) शाफ्ट, मॅग्नेट काढून त्यामागचं सील. क्लचच्या बाजूचं दिसत नाही, तिथे गिअरबॉक्सच्या ब्रीदर पाईपच्या टोकाला साबणाचं पाणी लावायचं, फुगा आला की कळलं. आणि जोरात पंप मारू नका, १० पीएसआयच्या वर गेलात तर चांगलं सीलसुद्धा जागेवरून सरकू शकतं.

त्याच वेळी कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडा प्ले असतो, तो चालतो, पण वर-खाली टकटक लागली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलाय. तसल्या क्रँकवर नवीन पिस्टन चढवणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं.

पार्ट बदलला पण जेटिंग तेच ठेवलं

पाईप बदलला, रीड बदलले, एअरबॉक्सचं झाकण उघडं केलं, यातलं काहीही केलं की कार्बचा हिशोब बदलतो, म्हणजे जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या जेटांची निवड) परत करावं लागतं. कंपनीचं जेटिंग कंपनीच्या पाईपसाठी असतं, तेही ठराविक हवामानासाठी. थंडीत हवा दाट होते म्हणून मिश्रण लीन होतं आणि मोठा जेट लागतो, उंच डोंगरावर हवा विरळ म्हणून रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि छोटा जेट लागतो.

बरेच जण काहीही झालं तरी मेन जेटच बदलत बसतात. मेन जेट खरा काम करतो तो पाऊण ते फुल थ्रॉटलला. त्याच्या खाली पाव ते पाऊणपर्यंत निडल, आणि आयडलपासून पावपर्यंत पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाईडचा कट. ट्रेलवर तुम्ही बहुतेक वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या खालीच असता, म्हणजे त्रास तिथे असताना मेन जेट बदलून काय होणार? ग्रिपवर एक टेप आणि हाऊसिंगवर एक टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, मग कळतं गाडी नक्की कुठे अडखळते.

पायलटचा अंदाज एअर स्क्रूवरून येतो. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू पूर्ण आत घ्या, हळूहळू बाहेर सोडत जा, जिथे आयडल सगळ्यात वर जातं ती जागा एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये हवी. एका फेरीच्या आतच सापडली तर पायलट मोठा करा, दोन-अडीचच्या पुढे गेली तर छोटा करा. हा स्क्रू हवेचा आहे, आत म्हणजे रिच आणि बाहेर म्हणजे लीन, बऱ्याच फोर-स्ट्रोक कार्बमध्ये याच्या उलटं असतं म्हणून गडबड होते.

लीन की रिच हे कळत नसेल तर चोक थोडा ओढून बघा, गाडी सुधारली तर लीन, अजून बिघडली तर रिच. लीन गाडी थ्रॉटल दिला की आधी पोकळ आवाज करून मरते आणि मग एकदम उचलते, रिच गाडी भडभड करत राहते आणि प्लग ओला काळा करते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, जेट, प्लग आणि निडलची क्लिप एकत्र बदलली तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

"थोडं ऑईल जास्तच घाल, सेफ राहील"

हे सगळीकडे ऐकायला मिळतं. ५ लिटर पेट्रोलला ३२:१ म्हणजे साधारण १५६ मिली ऑईल, ४०:१ म्हणजे १२५ आणि ५०:१ म्हणजे १००. आता जेटमधून जेवढं द्रव जातं तेवढंच जाणार, त्यात ऑईल वाढवलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण थोडं लीन झालं. प्रमाण बदलायला हरकत नाही पण मग जेटिंग परत तपासा. माझ्या मते एक प्रमाण ठरवा, मापाच्या भांड्याने मोजा आणि त्यावरच गाडी सेट करा, अंदाजाने ओतणं बंद.

सायलेन्सरमधून काळं चिकट ऑईल टपकतं म्हणून ऑईल कमी करणारे पण खूप आहेत. ते टपकतं कारण गाडी रिच चालते किंवा सारखी मंद चालते आणि ऑईल जळतच नाही. जेटिंग नीट केलं की बऱ्यापैकी थांबतं. अजून एक, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईल बोटींच्या इंजिनांसाठी असतं, ती बोटीखालच्या पाण्याने थंड राहतात, डर्ट बाईकला ते नको, जॅसो एफडी (जपानी मानक) दर्जाचं बघून घ्या. इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा धरतं, त्यामुळे मिक्स करून ठेवलेला कॅन महिनोन्महिने वापरू नका आणि गाडी उभी करायची असेल तर कार्बचा बाऊल रिकामा करा.

मोजमाप न घेता हेड कापणं

कॉम्प्रेशन वाढलं की खालचा दम वाढतो हे खरंच आहे, पण किती कापायचं हे अंदाजाने ठरत नाही. पिस्टन पूर्ण वर आल्यावर कडेला हेडपासून जे अंतर राहतं ते स्क्विश. ते मोजायला प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालायची, हाताने क्रँक फिरवून पिस्टन वर नेऊन पार करायचा, आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं. तार गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना घाला, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप चुकतं. बऱ्याच १२५ ते २५० सीसी इंजिनांमध्ये १ ते १.२ मिमीच्या आसपास ठेवतात. फार कमी ठेवलं तर जास्त आरपीएमला पिस्टन हेडला टेकू शकतो, आणि जाड गास्केट घालून दोन मिमी ठेवलं म्हणजे सेफ असंही नाही, कडेचं मिश्रण तिथे नीट दाबलं जात नाही आणि डेटोनेशन, म्हणजे मिश्रण एकदम स्फोटासारखं पेटणं, होऊ शकतं.

डेटोनेशनची खूण पिस्टनच्या वरच्या कडेला दिसते, वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, गाडी तिथेच बंद करा. कॉम्प्रेशन वाढवलं तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतंच. प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्यायचा तर एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं, ब्रँड बदलताना हे बघा.

पिस्टन बसवतानाचा आळस

जुना सर्क्लिप परत वापरू नका. नवीन घाला, त्याचं तोंड सहा किंवा बाराच्या दिशेला ठेवा आणि बसवताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबा, सर्क्लिप उडून आत गेला की पूर्ण इंजिन उघडावं लागतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड रिंगच्या खाचेतल्या बारीक पिनवर. निकासिल कोटिंगचा (आतून कठीण प्लेटिंग केलेला) सिलिंडर असेल तर तो साध्या लोखंडी स्लीव्हसारखा बोअर करून पुढच्या साईजचा पिस्टन घालता येत नाही, परत प्लेटिंग करावी लागते.

जुना पिस्टन फेकायच्या आधी नीट बघा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर लीन किंवा ओव्हरहीटचा संशय घ्या. चार ठिकाणी, चार कोपऱ्यांवर असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला, म्हणजे थंड इंजिनावर फुल रेस दिली किंवा क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी होता. रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत हळू चालवा, एवढंच करायचं असतं तरी लोक करत नाहीत.

पॉवर व्हॉल्व्ह, रीड, फिल्टर

"वरचा दम गेला, पाईप बदलू का" असं विचारणाऱ्याने आधी पॉवर व्हॉल्व्ह उघडून बघावा. यामाहाचा वायपीव्हीएस असो की कावासाकीचा किप्स, कार्बन बसून अडकतो. बंद अडकला तर वरची पॉवर जाते, उघडा अडकला तर खालचा दम जातो. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरा, टोकाला तुकडा उडालाय किंवा फट दिसते तर बदला, गाडी किकला लवकर स्टार्ट न होण्याचं तेही एक कारण असतं. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊ नका, जोडाचा गोंद सुटतो, आणि फिल्टर ऑईल लावल्याशिवाय धूळ अडत नाही. सायलेन्सरचं पॅकिंग जळून गेलं असेल तर गाडी नुसती ओरडते.

गिअरिंग विसरणं

एवढं सगळं ठीक असून वळणातून निघताना गाडी झोपते असं वाटत असेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी स्प्रॉकेट बघा. समोर १३ आणि मागे ५० दात म्हणजे ३.८५ चं प्रमाण. समोरचा एक दात कमी करून १२ केलात तर ४.१७ होतं, मागून तेवढाच फरक आणायला ५४ दात लागतात. समोरचं स्प्रॉकेट स्वस्त पण फरक मोठा, म्हणून आधी मागे एक-दोन दात वाढवून बघा. छोट्या समोरच्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर घासते, ती पट्टी दर धुलाईला बघत जा, संपली की चेन सरळ स्विंगआर्मचं ॲल्युमिनियम खायला लागते.