मुंबईतल्या गवई-वादकांशी आणि समीक्षकांशी बोलताना: मुलाखतीची तयारी, प्रश्न, रेकॉर्डिंग

मुंबईत एका वस्तीच्या नावाने ओळखलं जाणारं ख्यालाचं घराणं आहे, भेंडीबाजार. त्याच शहरात गिरणगावची शाहिरी आणि डबलबारी भजनं (दोन बुवांचा समोरासमोर सामना) आहेत, चेंबूर-घाटकोपरची भीमगीतं आणि कव्वालीचे सामने आहेत, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेले गोव्याचे वादक आहेत, लालबागच्या बँजो पार्ट्या (मिरवणुकीत वाजवणारी पथकं) आहेत आणि धारावी-कुर्ल्याचे रॅपर आहेत. या सगळ्यांकडे एकच प्रश्नावली घेऊन जाणं ही पहिली चूक. दुसरी, आणि जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे ‘तुमचा सांगीतिक प्रवास सांगा’ असं म्हणून सुरुवात करणं. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कलाकाराकडे तयार असतं, ते त्याने दहा ठिकाणी दिलेलं असतं आणि त्यात संगीत जवळपास नसतं. कलाकाराला त्याच्या कामाबद्दल विचारा, आणि शक्यतो वाद्य हाताशी असताना विचारा.

चार प्रश्न मात्र सगळीकडे चालतात. तालीम कुठल्या जागेत आणि किती वाजता होते? पैसे कसे ठरतात? वाद्य बिघडलं तर कोणाकडे नेता? आवाजाची तक्रार कोण करतं? ख्यालगायक बिदागी किंवा मानधन म्हणतो, बँजोवाला सुपारी म्हणतो, जुना सिनेवादक शिफ्टचा हिशेब सांगतो, रॅपर शो आणि फीचरचा (दुसऱ्याच्या गाण्यात केलेल्या रॅपचा). पण दहा बाय बाराच्या खोलीत रियाज कसा जमवायचा, ही अडचण सगळ्यांची एकच. चौथा प्रश्न तर थेट शहराच्या इतिहासात नेतो. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आणि वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, या नियमाने रात्रभराच्या मैफलींपासून मिरवणुकीतल्या वाद्यांपर्यंत सगळ्यांची वेळापत्रकं बदलली. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ साली जॅझयात्रा हा जॅझ महोत्सव सुरू झाला, पुढे रॉकच्या मैफलीही तिथे उघड्यावर रंगल्या. शांतता क्षेत्राच्या (रुग्णालय, शाळा यांच्या आसपासच्या भागाच्या) नियमामुळे तिथलं मोठ्या आवाजाचं संगीत थांबलं. ज्याने तो काळ पाहिला आहे त्याला ‘रंगभवन बंद झाल्यावर तुम्ही कुठे वाजवायला लागलात?’ एवढं विचारलं तरी तासभर ऐवज मिळतो.

वेळ कधी मागायची हे ज्याच्या-त्याच्या हंगामावर ठरतं. बँजो पार्टी आणि ढोलवाले श्रावणापासून नवरात्र संपेपर्यंत मोकळे नसतात. ब्रास बँडवाल्यांना तुळशीच्या लग्नानंतर गाठू नका. भीमगीतं गाणाऱ्यांचा एप्रिल भरलेला असतो आणि डिसेंबरचा पहिला आठवडाही. चर्चमध्ये वाजवणारे-गाणारे नाताळच्या आधी तालमीत असतात. कव्वालांकडे उरुसाच्या तारखा विचारून मगच दिवस मागा, आणि रमजानमध्ये इफ्तारीच्या सुमाराला फोन करू नका. शास्त्रीय गायकाला मैफलीच्या दिवशी बोलतं करू नये, त्या दिवशी तो आवाज जपत असतो. रॅपर आणि प्रोड्युसर रात्री जागतात, त्यांना दुपारी दोननंतर फोन करावा.

संबोधन आधी विचारून घ्या. भजनातल्या गायकाला बुवा, लावणी कलावंताला ताई किंवा बाई (संगीतबारीत बाई हा मानाचा शब्द आहे), शाहिराला शाहीर. रॅपरचं मंचावरचं नाव कसं लिहायचं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या, कारण त्यात अक्षरं आणि आकडे त्याने मुद्दाम निवडलेले असतात.

आता प्रत्येकाचे खास प्रश्न. ख्यालगायकाला घराण्याची वैशिष्ट्यं विचारली की पुस्तकी यादी ऐकायला मिळते. त्याऐवजी एक बंदिश निवडा आणि विचारा: ही कोणाकडून आली? तुमच्या गुरूंकडे अंतरा असाच होता का? हीच बंदिश दुसरीकडे कशी म्हणतात? मग म्हणून दाखवायला सांगा. भेंडीबाजारच्या गायकाशी बोलायला जाताना मेरखंड म्हणजे स्वरांची पद्धतशीर उलटापालट हे ठाऊक हवं, आणि याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांच्या सरगमवर कर्नाटक संगीताचा प्रभाव सांगतात हेही. मग ‘हे तीनच स्वर घेऊन दाखवता का?’ असं विचारता येतं, आणि त्या दोन मिनिटांत घराण्याविषयी जे कळतं ते अर्ध्या तासाच्या व्याख्यानात कळत नाही. गायकाचा स्वर कोणता तेही तिथेच नोंदवा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच, जो असेल तो. पुढे ध्वनिमुद्रणं ताडून पाहताना ही नोंद लागते. जुन्या टेपचा वेग चुकलेला असला तर स्वरावरून तो लगेच पकडता येतो.

सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातल्या वादकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्या पिढीने सिनेसंगीतात अरेंजिंग आणि स्वरलेखन रुजवलं, पण वादकांची नावं तबकडीवर आली नाहीत. त्यामुळे ‘हा पीस मी वाजवला’ असं एकाच पीसबद्दल दोन-तीन जण मनापासून सांगतात, आणि सगळेच खरं बोलत असू शकतात. एकच गाणं सिनेमासाठी वेगळं, तबकडीसाठी वेगळं आणि रंगमंचावर पुन्हा वेगळं वाजवलं जाई. म्हणून ‘कुठलं गाणं’ एवढ्यावर थांबू नका. स्टुडिओ कोणता, शेजारच्या खुर्चीवर कोण, कॉपी (वादकासमोरचं स्वरलेखन) कोणी लिहिली, रिहर्सल किती वेळ, किती टेकमध्ये ओके झालं, हे विचारा. डायरी किंवा पावती असेल तर तिचा फोटो घ्या. दुजोरा देणारा कागद किंवा दुसरा वादक मिळेपर्यंत मजकुरात ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ हे शब्द राहू द्या.

शाहीर आणि आंबेडकरी जलशातल्या गायकांना गाणं कोणाचं हे विचारताना चाल कोणाची हेही वेगळं विचारा. शब्द एकाचे, चाल लोकगीताची किंवा सिनेमाची, आणि झीलकऱ्यांनी (मागे साथ गाणाऱ्यांनी) घातलेली भर तिसरीच, असं इथे नेहमीचं आहे. वामनदादा कर्डकांसारख्यांच्या गाण्यांचे अनेक पाठ गावोगाव गायले जातात, ऐकलेला पाठ जसाच्या तसा उतरवा, छापील प्रतीवरून ‘दुरुस्त’ करू नका. डबलबारीच्या बुवांना समोरच्या बुवांनी टाकलेला मुद्दा आणि त्यावर उभ्या-उभ्या बांधलेलं उत्तर याबद्दल विचारा. पखवाज, पेटी, झांज वाजवणाऱ्यांनाही बोलतं करा, कारण बारी कुठे फिरली हे त्यांना बुवांइतकंच कळलेलं असतं. रॅपरकडे बीट (मागचं वाद्यसंगीत) विकत घेतला की बनवला, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) किती, हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आधी लिहिला की व्हर्स (कडवं), मराठीत लिहिताना कुठला शब्द तालात बसेना, हे विचारा. ‘झोपडपट्टीतून इथवर’ हा सूर त्याच्या तोंडी घालू नका.

समीक्षकाशी बोलण्याची पद्धत वेगळी. ‘आजच्या संगीताबद्दल काय वाटतं?’ याला उत्तर म्हणून हळहळच ऐकू येते. तीन-चार मिनिटांचा ध्वनिमुद्रित तुकडा सोबत न्या, दोघांनी मिळून ऐका आणि जिथे काही खटकलं किंवा आवडलं तिथे थांबवायला सांगा. घड्याळातली वेळ लिहून ठेवा: १ मिनिट ४० सेकंदाला ‘इथे सम (तालाची पहिली मात्रा) घाईने गाठली’. असा शेरा वाचकालाही तपासता येतो. त्यांनीच पूर्वी लिहिलेलं परीक्षण छापून न्या आणि आज त्यातलं काय बदलाल ते विचारा. ते कोणाचे शिष्य आहेत, कोणत्या संस्थेच्या समितीवर आहेत, हेही मोकळेपणाने विचारून छापा, त्यात अपमान नाही. समीक्षकाला दोनदा भेटावं, असं आमचं ठाम मत आहे: कलाकारांकडे जाण्याआधी एकदा पार्श्वभूमीसाठी, आणि नंतर एकदा, कलाकारांनी सांगितलेलं ताडून पाहण्यासाठी. मात्र ‘अमुक समीक्षक तुमच्याबद्दल असं म्हणतात’ हे कलाकारापुढे टाकू नका. नाव काढून फक्त मुद्दा मांडा, नाहीतर उरलेला वेळ भांडणात जातो.

रेकॉर्डिंगचं तंत्र. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन ट्रॅकच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणून ३२ जीबीचं रिकामं कार्ड पुरेसं आहे. गळ्याशी लावायचा माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, साडीचा पदर, मंगळसूत्र किंवा जाकिटाची चेन त्याला घासणार नाही असा. बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. पण गायक मध्येच तान घेईल आणि ती बोलण्यापेक्षा कितीतरी मोठी असेल, म्हणून सुरुवातीलाच त्याला वरच्या षड्जावर खुला आवाज लावायला सांगून पातळी तिथे बसवा. ढोलकी, डफ किंवा ताशा असेल तर गळ्याचा माइक काढून ठेवा आणि रेकॉर्डर दोन-तीन मीटर मागे न्या. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. ऑटो लेव्हल (पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा. ती चालू असेल तर गायक श्वास घेताना थांबला की पंख्याचा आवाज वर चढतो, गाणं सुरू झालं की खाली जातो, आणि तानपुरा गोते खात राहतो.

मुंबईच्या घरात शत्रू ठरलेले आहेत: पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, कुकर, लोकल. पंखा वीस-वीस मिनिटांसाठी बंद ठेवा आणि मध्ये सुरू करा, वयस्क माणसाला घामाघूम करून काही मिळत नाही. फ्रिज बंद करायला परवानगी मिळाली तर आपल्या घराची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. पंपाची आणि कुकरची वेळ घरच्यांना आधीच विचारा. मोबाइलवरच्या तानपुऱ्यासाठी तो फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि माइकच्या मागच्या बाजूला ठेवा. निघण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा, संपादनात जोड लपवायला तीच लागते. वायरचे हेडफोन कानाला लावूनच बसा.

संमती सुरुवातीला रेकॉर्डवर घ्या आणि कागदावरही, त्यांच्या भाषेत. बोलणं आणि गाऊन दाखवलेला भाग यांची संमती वेगवेगळी हवी, कारण मुलाखतीत गायलेली बंदिशही कायद्याने सादरीकरणच असते आणि भारतात कलाकाराचा त्यावरचा हक्क ५० वर्षं टिकतो. सिनेमाचं किंवा कोणा कवीचं गाणं असेल तर गीतकार-संगीतकारांचे हक्क त्याहून निराळे, गायकाच्या होकाराने ते मिळत नाहीत. तबल्यावर साथीला कोणी बोलावलं असेल तर त्याचं मानधन तुमच्याकडे, आणि त्याचं नाव मजकुरात पूर्ण. गुरूशी झालेला तंटा, जात, आईच्या पेशाबद्दलचं बोलणं सुरू झालं आणि सांगणारा अडखळला, तर त्याच्या समोर, त्याला दिसेल असं यंत्र थांबवा.

त्याच रात्री फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा आणि नावात तारीख, व्यक्ती, भाग घाला. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन करायला पाच-सहा तास धरा, सूर-तालाचे तुकडे असतील तर अधिक. दर दोन मिनिटांनी वेळ टाका. मालवणी, बंबइया हिंदी, कोंकणी, जे बोललं गेलं तेच लिहा. आपोआप लेखन करणारी सोय वापरलीत तर राग, ताल आणि माणसांची नावं एकूण एक कानाने तपासा. न कळलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि त्या प्रश्नचिन्हांची यादी करून कलाकाराला पुन्हा फोन करा. त्याच फोनवर नावं, सन आणि बंदिशीचे शब्द वाचून दाखवा आणि दुरुस्त करून घ्या. मतं मात्र बोलली होती तशीच ठेवा, आणि हे तुम्ही पहिल्या भेटीतच सांगितलेलं असलं पाहिजे.