कंच्याची सोडाबाटली फुटली, तर तिची जोडीदार कशी शोधायची

कंच्याची, म्हणजे गळ्यात काचेची गोटी असलेली सोडाबाटली फुटली, तर सगळ्यात आधी, तुकडे उकिरड्यावर टाकू नका. गळा, बूड आणि अक्षरांचा तुकडा, एवढं तरी जपाच. आमच्या आबाजींचं आर्वीच्या बाजारात सोड्याचं दुकान होतं. त्यांची शेवटची बाटली मांजरानं फळीवरून पाडली, तेव्हा हेच तुकडे घेऊन मी दुसरी शोधली.

हातात जाड मोजे घाला आणि तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं धुवा. अक्षरं पुसट असतील तर वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. आमच्या कागदावर 'रायलंड्स' आणि 'बार्न्सली' उमटलं. डॅन रायलंड्स यांचा काचकारखाना इंग्लंडात, बार्न्सलीचा. हिरम कॉड यांनी या बाटलीचं पेटंट घेतलं १८७० च्या दशकात, तेव्हा माल त्याआधीचा असूच शकत नाही.

मग साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथं काचेवर उमटलेली उभी रेघ, बोटानं चाचपा. ती ओठाखालीच थांबली असेल, तर ओठ हातानं घडवलेला आहे. पण याच एका खुणेवर विसंबू नका, कारण हातकाम पुढंही बरीच वर्षं चाललं. काचेतले बुडबुडे आणि हिरवट झाक पाहा; ही झाक वाळूतल्या लोखंडामुळं येते. दोरा गुंडाळून बुडाचा घेर मोजा, गळ्यातल्या खाचांचा कागदावर ठसा घ्या.

एवढं हाती आलं की शोधायला निघा. आमच्याकडं पोरं कंच्यासाठी बाटल्या फोडत, म्हणून धड बाटली घरात क्वचितच सापडते. जुने सोडावाले आणि कबाडी गाठा. हिंगणघाट, पुलगावसारख्या कापसाच्या जिनिंगच्या गावांत मी आधी जाईन. "काकाजी, गोदामात जुन्या कंच्याच्या बाटल्या आहेत का?" असं नीट विचारलं की उत्तर येतं, "असतीन वो बाई, पाहा ना मागं." नाहीच मिळाली तर मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहे, पण तिथं भाव चढा.

घेताना बूड उन्हात तिरपं धरा. वर्षानुवर्षं फरशीवर घासलेल्या बुडावर बारीक ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. नव्या बाटलीला मुद्दाम घासलं तर ते बहुधा एकाच दिशेचे दिसतात. आतून दुधाळ झालेली काच घेऊ नका, पाण्यानं खाल्लेली काच धुऊन स्वच्छ होत नाही. आपल्या फुटलेल्या बाटलीतला कंचा नव्या बाटलीत घालता येईल, ही आशाही धरू नका. तोंड घडवण्याआधीच कंचा आत टाकलेला असतो, नंतर तो जात नाही. तो वेगळ्या डबीत ठेवा.

आणि जुन्या बाटलीत वायू भरून सोडा करू नका. दाबानं फुटली तर डोळा जाईल. अर्धी पाण्यानं भरा, खाचा खालच्या बाजूला ठेवून ओता. कंचा खाचेत अडकून पाण्याला वाट देतो की नाही, एवढं पाहा.