‘गोरा’तील राष्ट्रवादावर लिहिण्यापूर्वी पाण्याचे प्रसंग वाचा

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘गोरा’ या कादंबरीतील व्यक्तिरेखा आणि राष्ट्रवाद यांवर निबंध लिहिणारा विद्यार्थी बहुधा कादंबरीचा नायक, सोवळे-ओवळे कडकपणे पाळणारा ब्राह्मण तरुण गोरा, याची लांबलचक भाषणे उतरवून काढतो आणि तेथेच त्याचा निबंध अडतो. परभणीत एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला हे वारंवार जाणवते. भाषणांत गोरा देशाविषयी काय म्हणतो ते कळते. पण त्याचा देश नेमका कोणाकोणाचा आहे, हे तो कोणाच्या हातचे पाणी पितो यावरून कळते.

सुरुवातीला काळाची मांडणी करून घ्या. ही कादंबरी १९०७ ते १९०९ या काळात ‘प्रवासी’ मासिकातून क्रमशः आली आणि १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गोराचा जन्म मात्र १८५७ च्या उठावाच्या धामधुमीतला आहे. म्हणजे १९०५ ची बंगालची फाळणी आणि स्वदेशीचा जोर अनुभवलेला लेखक एक पिढी मागे जाऊन प्रश्न विचारतो आहे. हे अंतर निबंधात आलेच पाहिजे.

त्यानंतर गोराच्या आईच्या, आनंदमयीच्या, खोलीतला प्रसंग सावकाश वाचा. लछमिया ही ख्रिस्ती दासी त्या खोलीत वावरते, म्हणून गोरा आईच्या खोलीत जेवत नाही आणि मित्र विनयलाही जेवू देत नाही. याच लछमियाने देवीच्या आजारात त्याची शुश्रूषा करून त्याला वाचवले होते. गोरा कृतघ्न नाही. तिची सोय लावून द्यायला तो तयार आहे, फक्त ती घरात नको. हे वाक्य अधोरेखित करा, कारण देशावर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसाच्या मनात एका माणसाला जागा नसते ती कशी, हे येथे जवळून दिसते.

दुसरा प्रसंग घोषपूरचा. मुसलमानांच्या या गावात हिंदूंचे घर एकच, न्हाव्याचे, आणि त्याने निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमात सापडलेल्या फरू सरदाराचा मुलगा सांभाळला आहे. घरात मुसलमानाचे पोर वावरते, म्हणून गोराचा सोबती रमापती तहानलेला असूनही तेथले पाणी घेत नाही, तेव्हा दोघे मळेवाल्यांच्या ब्राह्मण तहसीलदाराकडे निघतात. तेथे पोचल्यावर गोराला उमगते की गाव नाडणाऱ्याच्या घरी आपली जात राखली जाणार आणि पोरक्याला पोटाशी धरणाऱ्याच्या घरी बुडणार! तो भर उन्हात परत न्हाव्याकडे येतो. गोदेच्या तापलेल्या वाळूतून अस्पृश्याचे पोर कडेवर घेणाऱ्या एकनाथांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे पान समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्या ओळखीच्या भरात घोषपूरचे पैठण करू नका. एकनाथांना आपली वाट स्पष्ट होती, गोराच्या मनात येथे पहिल्यांदा तडा जातो, आणि विश्लेषण करायचे ते त्या तड्याचे.

इतर पात्रांना थोडी जागा पुरे. परेशबाबू आणि हारानबाबू दोघेही ब्राह्म, म्हणजे मूर्तिपूजा नाकारणाऱ्या सुधारणावादी ब्राह्मो समाजाचे. एकाचा धर्म माणसाला मोकळे करतो, दुसऱ्याचा पंथाच्या कुंपणात कोंडतो, म्हणून कट्टरपणा केवळ सनातन्यांच्या माथी मारता येत नाही. सुचरिता आणि ललिता यांना नायकांच्या प्रेमिका म्हणून उरकू नका. ललिता विनयपेक्षा आधी आणि अधिक धीटपणे निर्णय घेते.

मराठवाड्याचा संदर्भ द्यायचा असेल, तर जपून द्या. आपल्याकडे इंग्रजांचे थेट राज्य नव्हते, निजामाचे होते. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकले गेले आणि त्यांतील अनेकांनी नागपुरात शिक्षण पुढे चालवले. ते गीतही एका बंगाली कादंबरीतले, बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’मधले. कादंबरीतला राष्ट्रवाद आपल्या भागात कसा पोचला, याचा हा ठोस दाखला आहे. परंतु त्यावर एक परिच्छेद लिहून ‘गोरा’कडे परत या.

गोरा आयरिश आईबापांचा मुलगा आहे, हे रहस्य पहिल्याच परिच्छेदात फोडू नका. ज्या जातीसाठी तो झगडला, तिच्यात त्याचा जन्मच नव्हता, हे कळल्यावर तो आनंदमयीकडे येतो, तिलाच आपला भारतवर्ष म्हणतो आणि लछमियाला एक पेला पाणी आणायला सांग, अशी विनंती करतो. लिहायला बसण्याआधी हा प्रसंग वहीत उतरवून घ्या, मग घोषपूरच्या विहिरीकडे आणि तेथून आनंदमयीच्या खोलीकडे उलटे वाचत जा.