नकाशावर सरकारी जमीन आहे, पण तिथे जायची वाट? शिकारीला निघण्याआधी या चुका टाळा

"हे बघ, इथे पिवळं आहे म्हणजे सरकारी. मग जाऊ या की!" एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना हातात पडला की कोलोरॅडोतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी फोनवरचा नकाशा नाचवत हे म्हणतोच. रंग तो बरोबर वाचतो. पिवळं म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं, हिरवं फॉरेस्ट सर्व्हिसचं, निळं राज्याचं, पांढरं खासगी. घोटाळा 'जाऊ या' म्हणण्यात आहे. त्या पिवळ्याच्या चारही बाजूंना पांढरं पसरलेलं असतं, ते त्याला दिसत नाही.

गावाकडची वहिवाट इथे लावू नका

आपल्या डोक्यात बांध बसलेला असतो. शेताला वाट नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करायचा. महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून रस्ता मिळवून देतं, आणि चालू वाट कोणी अडवली तर 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहेच. त्यामुळे 'सरकारी जमीन आहे म्हणजे तिथवर जायला रस्ता असणारच' हे आपण गृहीत धरतो.

अमेरिकेच्या पश्चिमेत तसं नाही, आणि ते खुद्द सरकारलाही ऐकून घ्यावं लागलं. वायोमिंगमधल्या सेमिनो जलाशयाकडे जाणारा रस्ता सरकारने एका मेंढपाळ कंपनीच्या जमिनीतून काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1979 साली न्यायालयाने सांगितलं, की 1862 मध्ये रेल्वेला जमिनी देताना सरकारने त्यातून जायचा हक्क राखून ठेवलेला नाही, आणि आता तो होता असं मानता येणार नाही. सरकारची ही गत, तिथे तुमच्या-माझ्या परवान्याची काय कथा! चहूबाजूंनी खासगी जमिनीत अडकलेली केंद्र सरकारची अशी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत सुमारे 95 लाख एकर असल्याची मोजदाद 2018 मध्ये झाली.

कोपऱ्याचा निकाल अर्धाच वाचू नका

रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना सरकारने एक मैल बाय एक मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे चौकोन (यांनाच 'सेक्शन' म्हणतात) पाडले आणि एक आड एक रेल्वेला दिले. त्यातले पुष्कळसे पुढे रँचवाल्यांकडे गेले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. काळी घरं सरकारची धरली, तर ती एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. उंटासारखं तिरकं गेलं तर खासगी जमिनीवर पाय पडत नाही. खांदा मात्र क्षणभर मालकाच्या हवेतून जातो. भांडण त्या हवेचं होतं.

वायोमिंगच्या एल्क माउंटनवर 2020 मध्ये मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी असा कोपरा ओलांडला. मालकाने तिथे दोन खांब ठोकून मध्ये साखळी लावली होती. हे खांबाला धरून पलीकडे झुलले. पुढच्या वर्षी येताना त्यांनी लोखंडी शिडीच बनवून आणली. अलीकडे सरकारी, पलीकडे सरकारी, मध्ये शिडी! त्यांच्यावर फौजदारी खटला झाला, 2022 मध्ये ज्यूरीने सोडून दिलं. मालकाने दिवाणी दावाही लावला होता. जमिनीची किंमत घटली म्हणून 70 लाख डॉलरहून जास्त नुकसान झाल्याचं त्याचं म्हणणं होतं. 2023 मध्ये जिल्हा न्यायालय आणि मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटचं, म्हणजे काही राज्यांच्या एका गटाचं, अपील न्यायालय शिकाऱ्यांच्या बाजूने उभं राहिलं. आधार होता सरकारी जमिनीला कुंपण घालून लोकांना अडवू नये, असं सांगणाऱ्या 1885 च्या कायद्याचा. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला.

बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पण निकाल नीट वाचा. तो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता आहे. मोंटाना वेगळ्या, नवव्या सर्किटमध्ये येतं, आणि तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं अजूनही बेकायदा धरतं. शिवाय खासगी जमिनीला पाय लागला नाही, म्हणून हे लोक सुटले. कोपऱ्यात कुंपणाच्या तारा एकत्र येत असतील आणि तुम्ही पाच फूट अलीकडून उडी मारलीत, तर तो कोपरा नव्हे, सरळ घुसखोरी.

आणि ते पाच फूट फोन सांगू शकत नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचा ठिपका चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो. माझा पहिला कोपरा शोधायला पाऊण तास गेला. ठिपका सांगत होता, 'पोचलास', आणि पायाखाली नुसतं सेजब्रश. शेवटी आठ पावलांवर, झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीतून वीतभर वर आलेला लोखंडी पाइप सापडला. त्यावर हिरवट पडलेली पितळी टोपी, टोपीवर फुलीसारखी रेघ आणि चार बाजूंना चार सेक्शनचे आकडे. मोजणीदाराचा दगड म्हणा ना! ही टोपी दिसल्याशिवाय मी कोपरा ओलांडत नाही. नाही सापडली तर परत फिरतो, मग पलीकडे एल्क कितीही शीळ घालू दे.

पाटी नाही म्हणजे मोकळं नाही

कोलोरॅडोत मालकाने पाटी लावायची गरजच नाही. खासगी जमिनीवर शिकारीसाठी परवानगी लागते, संपलं. कुंपण नसलं तरी हाच नियम. काही राज्यांत पाटीऐवजी रंग चालतो: मिझुरी आणि टेक्सासमध्ये झाडावरचा जांभळा पट्टा, मोंटानात खांबावर भडक नारिंगी.

उलटी गंमतही आहे. निळी जमीन सरकारी असूनही कोलोरॅडोत ती आपोआप खुली नसते. राज्याच्या ट्रस्टच्या ज्या जमिनी वन्यजीव खात्याने लोकांसाठी भाड्याने घेतल्या आहेत, तेवढ्याच खुल्या. वायोमिंगला जाऊन आलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिकडे बहुतेक निळ्यावर शिकार चालते.

मातीच्या रस्त्याचंही तसंच. दिसायला सार्वजनिक, असतो रँचचा. कधी रस्ता काउंटीचा असतो आणि पाटी मात्र 'खासगी' म्हणते. अशा वेळी फाटकाशी वाद घालू नका. काउंटीच्या रस्ते विभागाला आधीच फोन करून नकाशा मागवा, खिशात ठेवा. नदीतून जाऊ म्हणाल, तर वायोमिंगमध्ये नावेतून तरंगत जाता येतं, पण खासगी जमिनीतल्या पात्राच्या तळाला पाय लावता येत नाही.

जखमी जनावर कुंपणापलीकडे गेलं तर

हे सगळ्यात जड जातं. गोळी लागली, रक्ताचा माग आहे, एल्क तारेवरून उडी मारून पन्नास पावलांवर पडलंय. डोळ्यांसमोर. सगळं अंग म्हणतं, 'पटकन आणू, कोण बघतंय!' कोलोरॅडोत आणि वायोमिंगमध्ये तेव्हाही मालकाची परवानगी लागते. आधी मालकाला फोन, तो नाही लागला तर गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला. वॉर्डन मध्यस्थी करतो, मालकावर जबरदस्ती करू शकत नाही. मालक नाही म्हणाला तर मांस तिथेच सडतं, आणि ती रात्र वाईट जाते. म्हणून हद्दीजवळ बसायचं असेल तर शेजारच्या मालकाला आधी विचारून ठेवावं, आणि संध्याकाळी उजेड सरताना तारेच्या कडेला उभ्या जनावरावर गोळी टाकू नये.

एच-वन बी वाल्यांना एक वेगळं सांगतो. या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. घुसखोरीच्या प्रकरणात परवाना निलंबित झाला तर त्याच्या जोरावर मिळालेली सूटही जाते. शिवाय व्हिसाच्या अर्जात अटकेचा प्रश्न असतोच. नागरिक असलेल्या मित्राला जे शंभर-दोनशे डॉलरच्या दंडात निभावतं, ते तुम्हाला निभावेलच असं नाही.

परवानगी मागायचीही रीत असते

सीझनच्या पहिल्या दिवशी पहाटे पाचला, अंगात कॅमो, गाडीत चार जण. असं दार वाजवलं तर मीसुद्धा नाही म्हणेन. जुलै-ऑगस्टमध्ये जा, साध्या कपड्यांत, एकटे किंवा जोडीने. गवत कापायची धांदल चालू असेल तर दोन मिनिटांत आटपा. 'तुमच्या जमिनीवर शिकार करू का?' आणि 'मागच्या सरकारी जमिनीवर जायला तुमच्यातून चालत जाऊ का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला होकार मिळणं बरंच सोपं असतं. पायी की गाडीने, कोणत्या तारखांना, किती जण, गाडीचा नंबर काय, हे एका कागदावर लिहून त्याखाली सही घ्या. एकाला मिळालेली परवानगी मेहुण्याला लागू होत नाही. काही जण पैसे मागतात. मला त्यात वावगं वाटत नाही. आणि कोणाचं दार वाजवायचंच नसेल, तर मोंटानात ब्लॉक मॅनेजमेंट आणि वायोमिंगमध्ये ॲक्सेस येस या योजनांमधल्या खासगी जमिनी आधी बघा. तिथे मालकांशी बोलणं राज्याने केलेलं असतं.

मला ज्या बाई वाट देतात त्यांनी पहिल्या वर्षी एकच अट घातली होती: फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. मी शहाणपणाने उघडं फाटक लावून आलो. गाईंचं पाणी पलीकडे होतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, आवाज शांत, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दिवाळीला चकलीचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. त्यांनी दोन चकल्या खाल्ल्या, तिखट आहेत म्हणाल्या, आणि वाट चालू ठेवली. आता त्या फाटकाशी पोचलो की आधी फोटो काढतो, मग हात लावतो.