शेजारी चिनी, मॅनेजर अमेरिकन : कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नव्याने येणाऱ्यांसाठी

क्रेडिट स्कोअर कसा वाढवायचा, ड्रायव्हिंग टेस्टला कुठे जायचं, चांगला तांदूळ कुठल्या दुकानात मिळतो, हे तुम्हाला मंडळातलं कोणीही सांगेल. पैशाबद्दल कोणाशी कसं बोलायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कुपर्टिनो, सनीवेल, फ्रीमॉन्ट, मिलपिटस या पट्ट्यात राहायला आलात की भिंतीपलीकडे चिनी कुटुंब आणि ऑफिसात अमेरिकेत वाढलेला मॅनेजर, अशी जोडी बहुतेकांच्या वाट्याला येते. यश दोघांनाही हवं असतं, पण ते कोणाचं मानायचं यावर दोघांचं जमत नाही. आपले लोक गडबडतात ते इथेच.

आधी ऑफिसचं बघू. अमेरिकन माणसाच्या लेखी यश त्या एकट्या माणसाचं असतं आणि ते त्यानेच सांगायचं असतं. वर्षअखेरच्या रिव्ह्यूत ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ एवढंच लिहिलंत, तर तुम्ही स्वतः काय केलंत हे मॅनेजरला कळत नाही, आणि तो ते शोधत बसत नाही. आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवणारा हलका समजला जातो. इथे न वाजवणाऱ्याचं प्रमोशन राहतं. चीनमधून आलेल्या सहकाऱ्यांनाही हे जड जातं, तेव्हा तुम्ही एकटे नाही. काय केलं, त्याने कंपनीचा किती फायदा झाला, एवढं आकड्यांत लिहा. लाज वाटली तरी लिहा.

गंमत म्हणजे कर्तबगारी अशी मोकळेपणाने सांगणारा हाच माणूस पगाराचा आकडा ओठांवर येऊ देत नाही. कायद्याने पगाराबद्दल बोलायला बंदी नाही, पण जेवणाच्या टेबलावर ‘पॅकेज किती?’ विचारलंत तर समोरचा अवघडतो. त्यापेक्षा जाहिराती वाचा. कॅलिफोर्नियात पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला २०२३ पासून जाहिरातीत पगाराची श्रेणी द्यावी लागते. आणि २०१८ पासून मुलाखतीत तुमचा आधीचा पगार विचारायलाही मनाई आहे. कोणी विचारलाच, तर सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

शेजारच्या चिनी आजी मात्र तिसऱ्या भेटीत भाडं विचारतील. घर घेतलंत तर कितीला घेतलं, मुलगी कितवीत आहे, गणिताच्या क्लासला किती पैसे भरता, हेही. हा भोचकपणा नाही. आपल्या आत्या-मावश्या तरी वेगळं काय करतात! पैसा त्यांच्या लेखी कुटुंबाचा, म्हणून त्याची चौकशीही घरच्यासारखी. नववर्षाला ते एकमेकांना सरळ श्रीमंत होण्याच्या शुभेच्छा देतात. आपण लक्ष्मीपूजन थाटात करतो आणि कोणी विचारलं की ‘आमचं आपलं साधंच’ म्हणतो. हा संकोच त्यांना कळत नाही आणि अमेरिकनांनाही कळत नाही.

तिशीतलं चिनी जोडपं मोठं डाउन पेमेंट करून घर घेतं, तेव्हा दोघांच्या पगाराचा हिशेब मांडत बसू नका. चीनमध्ये त्याला सहा पाकिटं म्हणतात: दोघांचे आईवडील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. एक मूल धोरण २०१५ पर्यंत चाललं, त्यामुळे त्या पिढीत अनेक घरांत सगळी बचत एका मुलापाशी येऊन थांबते. अर्थात हे कर्जच असतं, फक्त कागदावर नसतं. म्हाताऱ्या आईवडिलांना नियमित भेटावं, हे तिथे २०१३ पासून कायद्यातही आहे. याउलट अमेरिकन बाप, ऐपत असूनही, मुलाला कॉलेजचं कर्ज स्वतः फेडायला लावू शकतो आणि त्याला कोणी निष्ठुर म्हणत नाही. तुमच्यामागे सहा पाकिटं नसतील तर शेजाऱ्याशी घराची शर्यत लावू नका. शाळेसाठीच जायचं असेल, तर त्या शाळेच्या हद्दीत भाड्याने राहिलं तरी प्रवेश मिळतो.

शाळेचं वेड समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. तेराशे वर्षं सरकारी परीक्षा हाच चीनमध्ये वर चढण्याचा जिना होता. ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली, पण सवय राहिली. सांस्कृतिक क्रांतीत थांबलेली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तुमच्या मुलांच्या वर्गातले बरेच चिनी पालक किंवा त्यांचे आईवडील त्याच चाळणीतून इथवर आलेत. अमेरिकन कॉलेजं मात्र मार्कांपलीकडे मुलगा अजून काय करतो हेही विचारतात. दोन्ही भरून काढायच्या नादात मॉन्टा व्हिस्टा, लिनब्रुकसारख्या हायस्कूलमधली मुलं किती थकतात ते मी बघितलंय. यात आपण मराठी आईबापही मागे नाही.

अपयशाच्या बाबतीत मला अमेरिकन रीत जास्त आवडते. हेन्री फोर्डची पहिली मोटार कंपनी १९०१ मध्ये गुंडाळली गेली, १९०३ मध्ये त्याने फोर्ड मोटर कंपनी काढलीच. इथे बुडालेला स्टार्टअप माणसं रेझ्युमेत लिहितात. चिनी घरात बुडालेला धंदा सगळ्या घराची मान खाली घालतो. पण ही मोकळीक परवडते ती नागरिकांना. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून बोलताना अमेरिकनांसारखं बिनधास्त बोला आणि बचत शेजारच्या आजींसारखी करा. त्यांच्याकडे ओळखीच्यांत ‘हुई’ चालते. ती आपली भिशीच.

दानाविषयी एक गैरसमज इथे फिरतो, की अमेरिकन देतात आणि चिनी साठवतात. लीलँड स्टॅनफर्डने कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना आशियाई वस्तीविरुद्ध भाषण केलं, मग हजारो चिनी मजुरांच्या हातून रेल्वे बांधून घेतली, आणि त्या पैशातून १८८५ मध्ये मुलाच्या नावाने विद्यापीठ काढलं. सिंगापूरचे रबर व्यापारी तान का की यांनी १९२१ मध्ये श्यामन विद्यापीठ काढलं आणि त्याला नाव दिलं ते शहराचं. देतात दोघंही. तुमच्याकडे शाळेच्या पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, देणगीची मेल येईल, तेव्हा जमेल तेवढं द्या आणि कंपनी तेवढीच रक्कम वर घालते का ते एचआरला विचारा.

चिनी लग्नाचं आमंत्रण आलं, तर आपला एकशे एकचा हिशेब विसरा. आकडा सम हवा, चार नको, तो अशुभ मानतात; आठ असला तर उत्तम. कोऱ्या नोटा लाल पाकिटात घालून दोन्ही हातांनी द्या. भेट म्हणून घड्याळ चुकूनही नको. अमेरिकन लग्नात रजिस्ट्रीतली, म्हणजे जोडप्याने दिलेल्या यादीतली, वस्तू घ्या, काम संपलं. एरवी अमेरिकन भेट देणाऱ्यासमोरच उघडतो, चिनी तुम्ही गेल्यावर. तेव्हा पाकीट बाजूला ठेवलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आणि घर घेताना दारावर ४ नंबर असेल, तर पुढे विकताना तुमची बरीच गिऱ्हाइकं चिनी असतील हे लक्षात ठेवा. घेताना हाच मुद्दा भाव पाडायला वापरा.