बारा काळ इकडेही, बारा तिकडेही: मराठी मुलांना इंग्रजी काळ कसे शिकवावेत

इंग्रजीचे काळ शिकवायचे म्हटले की बहुतेक जण फळ्यावर बारा घरांचा तक्ता आखतात. तो तक्ता पहिल्या दिवशी आखू नये. त्याऐवजी एक साधे मराठी वाक्य लिहावे: 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.' मग विचारावे की बोलणारा आला आहे का? तो अजून यायचा आहे, पण क्रियापद मात्र भूतकाळाचे आहे. 'उद्या मी नाशिकला जातो' या वाक्यात रूप वर्तमानाचे आणि वेळ उद्याची. क्रियापदाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याच भाषेत एकदा दिसले की 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो' हे वाक्य मुलांना विचित्र वाटत नाही.

यानंतर दोन्ही भाषांचे तक्ते शेजारी शेजारी मांडावेत, कारण खरी फसगत तिथेच होते. मराठी व्याकरणात तीन काळांचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे प्रत्येकी चार उपप्रकार मानतात; इंग्रजीत सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस असे चार. दोन्हीकडे बेरीज बाराच येते, म्हणून घरास घर जुळेल असे वाटते, पण चौथे घर मुळीच जुळत नाही. 'मी रोज पहाटे फिरायला जात असतो' हा आपला रीती वर्तमानकाळ. इंग्रजीत त्यासाठी साधे 'आय गो' पुरते. 'जात असतो' मधला 'जात' पाहून मूल 'आय ॲम गोइंग एव्हरी मॉर्निंग' लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते, त्याने तक्त्यावर विश्वास ठेवलेला असतो. 'आजोबा विहिरीवर पोहायला जात असत' यासाठी 'युज्ड टू गो' द्यावे आणि पुढे जावे.

तिसरी पायरी साध्या भूतकाळाची. इथे घाई करू नये. मराठीत 'मी गेलो', 'मी गेलो नाही', 'तू गेलास का?' या तिन्ही वाक्यांत भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला की तो भार 'डिड' उचलतो आणि 'वेन्ट' पुन्हा 'गो' होतो. 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक मराठीच्या सवयीतून येते, म्हणून ती नुसती खोडून जात नाही. होकारी वाक्य, नकार आणि प्रश्न अशी तिन्ही वाक्ये एका श्वासात म्हणून घ्यावीत: 'आय वेन्ट, आय डिड नॉट गो, डिड यू गो?' दहा-पंधरा क्रियापदे अशी घोटली की कानच चूक पकडू लागतो.

आता 'हॅड'. शाळेतला कोणताही रजेचा अर्ज उघडावा. 'आय हॅड गॉन टू माय व्हिलेज यस्टरडे' हे वाक्य त्यात भेटण्याची दाट शक्यता असते. मुलाच्या मनात 'मी काल गावी गेलो होतो' हे वाक्य असते आणि मराठीत ते निर्दोष आहे, कारण आपला 'होतो' नुसते जाऊन आल्याचेही सांगतो. इंग्रजी 'हॅड' एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातलाच, पण नंतरचा दुसरा क्षण लागतो. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर दोन ठिपके द्यावेत. उजव्या ठिपक्याखाली 'मी स्टेशनवर पोहोचलो', डाव्याखाली 'गाडी सुटली होती'. डाव्याला 'हॅड लेफ्ट', उजव्याला साधे 'रीच्ड'. ठिपका एकच असेल तर 'हॅड' नको, 'आय वेन्ट' पुरे.

'हॅव'चेही असेच आहे. 'पैसे कालच पाठवले आहेत' असे आपण सहज म्हणतो; इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन 2019' अशी संपलेली वेळ सांगितली की 'हॅव' बाहेर पडतो आणि 'सेंट' एकटे राहते. 'मी 2015 पासून ठाण्यात राहतो' याला मात्र 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवे, कारण राहणे मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेले आहे. इथे आपला 'पासून' आणखी एक खड्डा खणून ठेवतो: तो '2015 पासून' मध्येही चालतो आणि 'दहा वर्षांपासून' मध्येही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि मोजलेल्या मुदतीला 'फॉर'.

भविष्यकाळावर फार वेळ घालवू नये. मराठीत 'जाईन' असे स्वतंत्र रूप आहे, तर इंग्रजीत 'विल' जोडून काम भागते. आधीच ठरलेल्या बेताला 'गोइंग टू' म्हणावे, इतके पुरे.

परीक्षेत 'काळ ओळखा' या प्रश्नाला गुण असतात, म्हणून आपण ओळखायला शिकवतो आणि वापरायला शिकवणे राहून जाते, ही माझी जुनी तक्रार आहे. म्हणून प्रत्येक तासाला मुलांकडून कालच्या दिवसावर पाच वाक्ये लिहून घ्यावीत आणि तपासताना लाल शाईने उत्तर लिहून देऊ नये. 'हॅड' दिसला की त्याच्या शेजारी मराठीत एवढेच विचारावे: 'दुसरा ठिपका कुठे आहे?' आणि वही परत करावी.